सासूबाईंनी मेनूकार्ड वाचलं

हॉटेलात गेलं की मी भांडते, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. मी भांडत नाही, फक्त सांगते. टेबल पुसायच्या फडक्यालाच वास येत असेल तर सांगायला नको? "तिखट कमी" असं दोनदा बजावूनही भाजी लालभडक आली तर? तो मात्र समोर येईल ते मुकाट जेवतो आणि घरी आल्यावर म्हणतो, "बरं होतं." इतक्या वर्षांत त्याला कुठलंही जेवण बऱ्याहून चांगलं किंवा वाईट लागलेलं मी ऐकलेलं नाही.

माझ्या सासूबाई खाडीकडच्या गावात थोरल्या दिरांकडे राहतात. घरची भातशेती, भाजीचा मळा. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, तेव्हा चुलीच्या धुरापासून लांब ठेवायचं म्हणून त्यांना आम्ही एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटवर आणलं. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली आणि त्या खिडकीत बसून खालच्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायला लागल्या. जुन्या चौथीपर्यंत शिकलेल्या, पण कित्येक वर्षं अक्षर धड दिसलंच नव्हतं. आता केमिस्टपासून ब्युटी पार्लरपर्यंत त्यांनी काहीही सोडलं नाही.

गावी परतायचं ठरलं तेव्हा मी विचारलं, "आई, जाण्याआधी काय करू तुमच्यासाठी? पुरणपोळी?"

"तू नको करू गो बाय," त्या म्हणाल्या. "आपुन हॉटेलात जेवू. तू पन बस, मी पन बसते. कोनी उठायचं नाय."

माझ्या लक्षात आलं, त्या आजवर हॉटेलात बसून जेवल्याच नव्हत्या. एसटी स्टँडवर चहा-भजी, तेवढंच. सासरे होते तोवर घरात बाहेरचं खाणं नावालाही चालत नसे. मी मनाशी ठरवलं, यांचं हे जेवण अगदी छान झालं पाहिजे.

रविवारी दुपारी आम्ही तिघं गेलो. दारातच गर्दी होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून आतल्या तंदूरचा वास घेत राहिलो. आमच्यानंतर आलेलं एक कुटुंब गल्ल्यावरच्या माणसाशी हसून बोललं आणि सरळ आत गेलं. मी उठणार, तोच नवऱ्यानं हात धरला. सासूबाई काळा गॉगल कपाळावर चढवून दारातल्या काचेच्या टाकीतले मासे बघत होत्या.

"हेच रांधतात का रे?" त्यांनी मुलाला विचारलं.

"नाही आय, ते शोभेचे."

"मग बरंय," त्या म्हणाल्या. "याच्यात काय भागनार?"

अखेर टेबल मिळालं ते स्वयंपाकघराच्या दाराशी. ते दार दर मिनिटाला धाडकन उघडायचं आणि आतून भांड्यांचा आवाज आणि गरम हवा यायची. डोक्यावर एसी, कानाशी गाणी. मी वेटरला दुसरं टेबल मागायला लागले, तर सासूबाईंनी माझा पदर ओढला. "इथंच बसू. बघ की, किती मोठी कढई! आनि सगळे बाप्येच रांधतात." त्यांनी खुर्ची आणखी दाराकडे वळवून घेतली.

वेटरनं टेबलावरच्या चौकोनी स्टिकरकडे बोट केलं. "स्कॅन कर लो मॅडम, मेनू उसमें है." नवरा मोबाइल काढून स्कॅन करायला लागला. सासूबाई वाट बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ते जाड कारड नाय का देत? मला वाचायचं होतं."

हे ऐकलं आणि मला राहवेना. मी उठून गल्ल्यावर गेले. मॅनेजर म्हणाला, "कार्ड बंद केलं मॅडम, सगळे स्कॅनच करतात."

"माझ्या सासूबाई करत नाहीत. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय आणि त्यांना स्वतः वाचायचंय. जुनं असेल, फाटकं असेल, चालेल."

 त्यानं गल्ल्याखाली वाकून बराच वेळ काहीतरी उचकलं आणि एक तेलकट, कडा सुटलेलं कार्ड माझ्या हातात ठेवलं. इंग्रजीखाली मराठीतही नावं होती. मी भांडायच्या तयारीत गेले होते, पण "थँक्यू" म्हणून परत आले.

सासूबाईंनी गॉगल काढला, कार्ड हातभर लांब धरलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. सावकाश, बोट फिरवत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "टो-मॅ-टो सूप. मन-चाव सूप. चिकन लॉली-पॉप." इथं थांबून त्यांनी विचारलं, "कोंबडीचं पन लॉलीपॉप?" आणि इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचे लोकही हसायला लागले. वेटर वही घेऊन ताटकळत होता, दारात लोक खोळंबले होते. एरवी दुसऱ्या कोणी इतका वेळ लावला असता तर मीच वैतागले असते. पण त्या दिवशी त्यांनी शेवटचं पान उलटेपर्यंत मी कोणाकडेही पाहिलं नाही.

"आय, इथली सुरमई चांगली असते," नवरा म्हणाला.

"जल्मभर मासेच रांधले. इथं येऊन पन मासेच खाऊ?" त्यांनी बोट ठेवलं. "हे दे. मशरूम."

"वो नहीं है," वेटर म्हणाला.

"मग हे?"

"वो भी खतम हो गया."

मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाईंचं बोट पुढं सरकलं. "बरं, हे? अमेरिकन चॉप्सी?" ते होतं. नवऱ्यानं थाळी सांगितली, मी पनीर आणि रोटी.

थाळी लगेच आली. काही वेळानं माझं पनीर आलं. चॉप्सी काही येईना. नवऱ्यानं सवयीनं पहिला घास मोडला. सासूबाई हसून म्हणाल्या, "जेवा तुम्ही, थंड होईल. घरी पन मी मागूनच बसते."

त्यात तक्रार नव्हती, उगाच आपलं बोलणं होतं. पण नवऱ्याचा हात थांबला. त्यानं घास ताटात परत ठेवला, थाळी बाजूला सारली आणि उठून उभा राहिला. ज्या माणसानं आजवर हॉटेलात आवाज चढवून पाणीसुद्धा मागितलं नव्हतं, तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाला, "आमच्या आईचं जेवण अजून आलेलं नाही. आम्ही सगळे थांबलोय." आतून कोणीतरी "हो गया, हो गया" म्हणालं, तरी तो तिथून हलला नाही. बशी घेऊन वेटर निघाला तेव्हाच त्याच्या मागोमाग परत आला. त्याचे कान लाल झाले होते.

चॉप्सी म्हणजे कुरकुरीत तळलेल्या नूडल्स, त्यावर लालसर गोड रस आणि वर अंडं. सासूबाईंनी चमचा बाजूला ठेवून हातानं खायला सुरुवात केली. पहिल्या घासाला डोळे मिटले. मी धास्तावले.

"गोड हाय," त्या म्हणाल्या. "शेवेसारखं लागतं. घे तू पन." मग माझं पनीर त्यांच्या बशीत गेलं, नवऱ्याच्या थाळीतली आमटी सगळ्यांनी भुरकली. मध्येच वेटर बशी उचलायला वाकला, तर त्यांनी तळहातानं बशी झाकली. "ठेव बाबा, अजून हाय." माझी रोटी चामट झाली होती, पनीरला मीठ नव्हतं आणि गाण्यानं कान किटले होते. तरी मी कोणाला काही सांगितलं नाही. खरं तर सांगावंसं वाटलंच नाही.

रिक्षात बसल्यावर नवऱ्यानं विचारलं, "आय, कसं होतं?"

"त्यांची कढई चांगली हाय," त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून घरापर्यंत झोपल्या.

गावी गेल्यावर त्यांनी ही हकिकत घरोघरी सांगितली असणार. कारण दिवाळीनंतर त्यांच्या दोन्ही जावा त्यांच्याबरोबर आमच्याकडे आल्या, त्या दारातूनच हॉटेलाची चौकशी करत. नेलं मी. तिघीही खणखणीत आवाजाच्या, शेतात या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय. तिघींनी मिळून हसायला सुरुवात केली तेव्हा मागच्या टेबलावरची एक बाई वळून वैतागानं म्हणाली, "जरा हळू बोला ना, आम्हाला जेवता येत नाहीये."

मी "सॉरी" म्हटलं पण तिघींना हळू बोलायला न सांगता त्यांच्याकडे रोटीची टोपली सरकवली.