फ्लॅट रिकामा झाला की

वाघोलीच्या फ्लॅटमधले भाडेकरू सोडून गेले, की काकूंना आनंद व्हायचा. अशी घरमालकीण मी दुसरी पाहिली नाही. इकडे काका भाडं बुडालं म्हणून येरझाऱ्या घालायचे आणि काकू आमचं दार वाजवून विचारायच्या, "अरे, रविवारी गाडी काढशील का? साफसफाई करून येऊ."

शनिवार पेठेत आमची दारं समोरासमोर होती. दोघांचा सगळा संसार तिथल्या दोन खोल्यांत झाला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढला, तर शेजारच्या इमारतीची भिंत लागायची. निवृत्तीच्या आधी काकांनी शहराबाहेर वाघोलीला फ्लॅट घेतला, पण राहायला नव्हे, गुंतवणूक म्हणून. "गुंतवणुकीत राहायचं नसतं," ते म्हणायचे. "फिक्स्ड डिपॉझिटमध्ये कोणी अंथरूण घालतं का?"

साफसफाई असायची तासाभराची. काकू ती दिवसभर पुरवायच्या. झाडून-पुसून झालं, की या खोलीतून त्या खोलीत नुसत्याच फिरायच्या. दुपारी हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून आम्ही पोळी-भाजी खायचो आणि मग काकू हाताची उशी करून फरशीवर चक्क झोपायच्या. पेठेत त्यांना मी दुपारी आडवं झालेलं कधी पाहिलं नव्हतं. निघायची वेळ झाली, की कारणं सुरू व्हायची. रंगाचा वास जाऊ दे, मग भाड्याने द्या. पुढच्या रविवारी बेसिनचा नळ गळायला लागायचा. काका म्हणायचे, "हिला भाडेकरू नकोच आहेत. हिला नळ दुरुस्तच व्हायला नकोय."

गॅलरीत त्यांनी कढीपत्त्याची कुंडी ठेवली होती. एकदा आयटीतली मुलं राहायला आली, त्यांना पाणी घालायला बजावून सांगितलं. "चिल काकू, डेली घालतो," ती म्हणाली. फ्लॅट सोडून गेली तेव्हा कुंडीत काड्या उरल्या होत्या. काका म्हणाले, "भाड्यात कढीपत्ता धरलेला नव्हता." काकूंनी काड्या उपटल्या आणि पुढच्या खेपेला नवीन रोप आणलं.

फ्लॅट विकायचा की ठेवायचा, हा काकांचा कायमचा विषय. भाव चढला की "अजून चढेल", उतरला की "पडत्या भावात कोण विकतो?" मेट्रो आली की बघू, रस्ता रुंद झाला की बघू. एजंटांचे फोन येत राहिले, काका त्यांना झुलवत राहिले. एकदा परतताना गाडीत हीच चर्चा चालली होती, तेव्हा मागून काकू म्हणाल्या, "विकायचा नाहीतर ठेवायचा, एवढंच बोलता. राहायला जाऊ या, असं कधी म्हणत नाही." काका म्हणाले, "तिथून मंडई किती लांब आहे, कल्पना आहे का?" काकू पुन्हा तो विषय काढताना मला दिसल्या नाहीत.

पुढे काकूंच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. एक दिवसाआड डायलिसिस, त्यामुळे पेठेजवळचं हॉस्पिटलच सोयीचं. त्याच सुमारास भाडेकरू गेले. संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. काका एकदम म्हणाले, "आता कोणाला द्यायला नको. विकायलाही नको. आपण दोघंच जाऊ राहायला."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, तिथून दर खेपेला हॉस्पिटलात कशी येणार मी?" त्या म्हणाल्या. "विकून टाका आता." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तेच सहन होईना. रागावल्या असत्या, तर काकांना निदान भांडता तरी आलं असतं.

काकांनी तेव्हा फ्लॅट विकला नाही, कोणाला दिलाही नाही. काकू बऱ्या झाल्या तर जायचं, असं त्यांच्या मनात असावं. काकू गेल्या. मग आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाला काकांनी फ्लॅट विकून टाकला. इतकी वर्षं भाव बघणाऱ्या माणसाने घासाघीसही केली नाही.

किल्ल्या द्यायला मीच त्यांना घेऊन गेलो. घेणारं जोडपं अमरावतीकडचं, सोबत नवऱ्या मुलाची आई. मुलाने कार्पेट एरिया विचारला, मेंटेनन्स विचारला, पार्किंग विचारलं. काकांनी सगळं धडाधड सांगितलं. मग म्हाताऱ्या बाई खोल्या फिरून आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, उन्हाळ्यात हवा कोणत्या बाजूनं येते जी?"

काकांनी गॅलरीकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे.

"मला नाही सांगता येणार," ते म्हणाले. "आम्ही इथे राहिलोच नाही."