पाणकणसातला पक्षी आणि मावशीचे कान

माझी मावशी पक्षी बघते असं सांगितलं की लोक म्हणायचे, "छान आहे की छंद." या शब्दाचा मावशीला राग होता. "छंद रविवारी असतो," ती म्हणायची. "मला पगार मिळतो, आणि चिखल सोमवारीही तेवढाच असतो."

पगार द्यायचं पक्षिसंशोधन केंद्र. शिक्षण संपवून ती तिथे लागली, तेव्हा सुरुवातीची वर्षं कपाटातल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या पायांना चिठ्ठ्या बांधण्यात गेली. कपाट उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात जायचा तो संध्याकाळपर्यंत निघायचा नाही. पुढे तिच्या साहेबांची पाठ धरली, त्यांना दलदलीत उतरणं जमेना, आणि बाहेरचं काम आपसूक मावशीच्या वाट्याला आलं. ते तिने पुन्हा कोणाला दिलं नाही.

शहराबाहेर पाणीपुरवठा खात्याचं मोठं तळं होतं. त्याच्या काठाने डोक्याच्या वर जाईल असं पाणकणसाचं रान माजलेलं. मावशीची हयात तिथे गेली. पाणकणसात डोळ्यांचा फारसा उपयोग नसतो. पक्षी दिसला तर दिसतो तो निघून जाताना, शेपटीकडून. तिथे काम सगळं कानांचं. ठरलेल्या खुंटांपाशी उभं राहायचं, ऐकायचं, कुठून कोण बोललं ते नकाशावर मांडायचं. तिथला वटवट्या नावाचा पक्षी तिचा विशेष लाडका. बोटाएवढा, तपकिरी, काडीवर बसला तर काडीच वाटेल असा. त्याचा आवाज इतका बारीक की सुईने काचेवर रेघ ओढल्यासारखा.

मावशीचे यजमान, आमचे काका, लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. ते तिला सकाळी काठापर्यंत सोडायचे आणि टपावर 'शिकाऊ' पाटी असलेल्या त्या गाडीत मागची सीट धरून ताणून द्यायचे. मावशीचं पाणपक्ष्यांवरचं पहिलं पुस्तक आलं, तेव्हा अर्पणपत्रिकेत काकांचं नाव होतं. "मी काय केलं?" काकांनी विचारलं. "घोरलात, पण लांब राहून," मावशी म्हणाली.

मग एका वर्षी तिने लेख लिहिला. तळ्यावरचा वटवट्या वर्षागणिक कमी होत होता आणि आता तो पार नाहीसा झाला आहे, असं त्यात होतं. कारणही दिलं होतं. पाणीपुरवठा खातं दरवर्षी काठाचं पाणकणीस सरसकट कापून काढायचं. वर्तमानपत्राने ते उचलून धरलं. खात्याच्या इंजिनिअरवर चहूकडून टीका झाली आणि कापणी थांबली. मावशीने आनंद बोलून दाखवला नाही, पण त्या आठवड्यात ती घरात गुणगुणत होती.

पुढच्या हंगामात बांधावर तिचा पाय मुरगळला. डॉक्टरांनी सांगितलं, एकटीने चिखलात जायचं नाही. काकांकडे त्या वेळी शिकणाऱ्यांची रांग लागलेली. तेव्हा त्यांची धाकटी बहीण आपणहून म्हणाली, "मी जाते वहिनीबरोबर. घरी बसून तरी काय करते?"

मावशी त्यांना वन्सं म्हणायची, म्हणून आम्हीही सगळे वन्संच म्हणायचो. औषधाच्या दुकानात काउंटर सांभाळून नुकत्याच निवृत्त झालेल्या. पक्ष्यांचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. तोंडाचा पट्टा अखंड चालू, पण कान मात्र असे की शेजारच्या घरातलं भांडण भिंतीतून शब्दन् शब्द ऐकून त्या दोन्ही बाजूंना योग्य सल्ला द्यायच्या.

एका सकाळी त्या दोघींनी बारीक दोऱ्याचं जाळं लावलं होतं. पक्षी धरायचा, पंख मोजायचा, पायात नंबराचं कडं घालायचं आणि सोडून द्यायचा, असं ते काम. जाळ्याच्या खालच्या घडीत काहीतरी फडफडलं. मावशीने अलगद सोडवून मुठीत घेतलं आणि ती तिथेच थांबली. तिच्या हातात वटवट्या होता. तोच, नाहीसा झालेला.

"केवढा ओरडतोय गं," वन्सं म्हणाल्या. "कान किटले."

मावशीने पक्ष्याकडे पाहिलं. चोच उघडी होती, गळ्याची पिसं थरथरत होती. तिला काहीही ऐकू येत नव्हतं.

"आत्ताही ओरडतोय?" तिने विचारलं.

"म्हणजे काय? तुला ऐकू येत नाही?"

मावशीने पंख मोजला, कडं घातलं, पक्षी सोडला. मग तिने वन्संना विचारलं, "असा आवाज आणखी कुठे येतोय?"

वन्संनी जरा मान वळवली. "हा काय, समोर एक. त्या मोडक्या खांबाकडे दुसरा. मघापासून चाललंय यांचं. मला वाटलं, किडे असतील."

कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. माणसांचं बोलणं ठीक ऐकू येत होतं. उंच पट्टीचे आवाज मात्र गेलेले. "वयाने जातात," डॉक्टर म्हणाले. "इतकं हळूहळू जातं की कळत नाही." वर्षागणिक कमी काय होत होतं, ते मावशीला तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या उमगलं.

घरी आल्यावर तिने काकांना सांगितलं की छापलेलं चुकलं, खुलासा द्यायला हवा. काका म्हणाले, "गप्प राहा. रान वाचलं ना? कोणाचं काय बिघडलं?"

"मी लिहिलेलं खोटं ठरलं, ते बिघडलं."

"पुन्हा कापतील ते."

"माहीत आहे मला," मावशी म्हणाली, आणि उठून आत गेली.

वर्तमानपत्राकडे जायच्या आधी ती इंजिनिअरकडे गेली. लोखंडी कपाटं, भिंतीवर नळांचे नकाशे, खिडकीशी पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या. तिला पाहून इंजिनिअरचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आता नवीन काय काढलं हिने. तिने उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "पक्षी गेला नव्हता. माझा कान गेला होता. तुम्हाला उगीच बोल लागला, म्हणून आधी तुम्हाला सांगायला आले."

त्याने एक खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "बसा. माझ्याकडे सगळे माझी चूक काढायला येतात. स्वतःची सांगायला आजवर कोणी आलं नाही." त्याने विचारलं, "म्हणजे आता मी कापायला मोकळा?"

"मोकळे आहात. पण एक काठ सोडा वर्षभर. मी नीट मोजून देते. जे निघेल ते निघेल."

त्याने पश्चिमेचा काठ सोडला. बाकीचा कापून काढला. ती कापणी मावशी बांधावर उभी राहून बघत होती.

खुलासा छापून आला, लहानशा चौकटीत. केंद्रात काहींनी तोंडं फिरवून हसून घेतलं. मागच्या काही वर्षांच्या तिच्या नोंदी केंद्राने बाद केल्या. त्यांत बदकांच्या आणि बगळ्यांच्या नोंदी बिनचूक होत्या, पण संशय आला म्हटल्यावर सगळंच गेलं. ते तिला फार लागलं.

मोजणी वन्संना घेऊन सुरू झाली. सगळ्यात अवघड गेलं ते वन्संना गप्प बसवणं. खुंटापाशी पोचलं की मावशी ओठावर बोट ठेवायची, आणि वन्सं दम कोंडल्यासारखा चेहरा करून उभ्या राहायच्या. निघाल्या की साठलेलं सगळं एकदम बाहेर. आवाजांची वर्णनं त्या आपल्या पद्धतीने करायच्या. एक पक्षी 'कुलपात चुकीची किल्ली फिरवल्यासारखा', दुसरा 'गिऱ्हाईक चिल्लर मोजतं तसा'. मावशी आधी वैतागली. "सूर चढतो की उतरतो, तेवढं सांगा." मग तिच्या लक्षात आलं की शास्त्रीय वर्णन वाचून आजवर कोणालाच पक्षी ओळखता आला नव्हता.

मोजणीतून निघालं ते असं: वटवटे होते, पण कान शाबूत असताना मावशीने मोजलेल्यांच्या निम्मेही नव्हते, आणि बहुतेक न कापलेल्या काठावर. इंजिनिअरने कागद उलटसुलट पाहिले आणि दर वर्षी एकच काठ कापायचं कबूल केलं. सगळी कापणी थांबली असती तर मावशीला जास्त आवडलं असतं. पण ती त्यावर हटून बसली नाही.

दुसरं पुस्तक पक्ष्यांच्या आवाजांवर निघालं. प्रकाशकाने मुखपृष्ठावरचं दुसरं नाव पाहून विचारलं, "या कुठल्या विद्यापीठातल्या?"

"माझी नणंद आहे," मावशी म्हणाली. "त्या ऐकतात, मी लिहिते." पहिल्या पुस्तकापेक्षा हे जास्त खपलं. वन्संनी भेटीदाखल इतक्या प्रती वाटल्या की काका म्हणाले, विकत घ्यायला आता कोणी उरलंच नाही.

मागे एकदा मी मावशीला विचारलं, "पक्षी ऐकू येत नाहीत याचं वाईट वाटत नाही?"

"वाटतं की," ती म्हणाली. "पहाटे खिडकी उघडली की वाटतं. मग बूट घालते आणि वन्संना हाक मारते."