नानांचा गेमचा डबा आणि समोरच्या शेटजींचं मशीन

दुकान बंद केलं की माल विकला जातो, फर्निचर जातं, पाटी भंगारात जाते. किस्से तेवढे आपल्या गळ्यात पडतात. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मी जळगावात नानांच्या टीव्हीच्या दुकानात मेकॅनिक होतो. चार माणसं जमली की मी तिथलंच काहीतरी सांगत बसतो. बायको म्हणते, ऐकून ऐकून कान किटले. तुम्ही ऐका.

*

नाना टीव्हीला जोडायचा गेमचा डबा विकायचे. कॅसेट खोचली की गेम सुरू, बाकी काही नाही. मग समोरच्या शेटजींनी नवं मशीन आणलं. त्यात सीडी घालायची. गेम चालायचे, गाणी वाजायची, सिनेमासुद्धा दिसायचा. शेटजी पायरीवर उभे राहून सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणायचे, "नाना, तुमचा डबा पोरांसाठी. माझं मशीन अख्ख्या बैठकीसाठी."

नाना मग दिवसभर माझ्यावर डाफरायचे.

खरी पंचाईत वेगळीच होती. गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "तुमच्या घरी कोणतं आहे?" शेटजी गिऱ्हाइकाला थेट घरी न्यायचे, चहा पाजायचे आणि बैठकीत मशीन लावून दाखवायचे. नानांच्या घरी टीव्हीवर सत्ता आबांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची. आबा मूळचे धुळ्याकडचे, बोलायचे अहिराणीत. नानांनी डबा घरी नेला तर आबांनी तो टीव्हीला लावूच दिला नाही. "टीव्ही बातम्यासाठे शे. खेयाले बाहेर वटा शे ना," म्हणाले; खेळायला बाहेर ओटा आहे की. डबा गेला माळ्यावर. गिऱ्हाइकाला काय सांगायचं? नाना सांगायचे, "घरी रंगकाम चाललंय." वर्षभर चाललं ते रंगकाम! आणि गिऱ्हाईक एकेक करून रस्ता ओलांडत होतं. आपलाच डबा आपल्या बैठकीत नाही, हे नानांना फार लागायचं. मला दिसायचं ते.

*

फैजपूरच्या एका केळीवाल्यांनी शेटजींचं मशीन नेलं आणि ते चालेना. शेटजींचा मेकॅनिक गावाला गेलेला. नाना मला म्हणाले, "जा तू. मशीन शेटजींचं असलं तरी माणूस आपल्या ओळखीचा आहे."

गेलो. मशीनला हार, पुढे नारळ, उदबत्ती. सीडी बाहेर काढली तर तिच्या चकचकीत बाजूवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक! घरच्या काकू म्हणाल्या, "नवी वस्तू पूजा न करता लावतं का कोणी?"

मी सीडी रुमालानं नीट पुसली, घातली, गाणं सुरू झालं. काकूंना इतका आनंद झाला की लगेच कुंकवाची कोयरी घेऊन आल्या. "पुसलं गेलं ना ते? काढा परत, मी लावते."

*

एरंडोलचे एक गुरुजी नानांचा डबा परत घेऊन आले. चेहरा उतरलेला, मागे दोन पोरं रडत.

नानांनी विचारलं, "बंद पडला का?"

"नाही हो. बंदच पडत नाही."

"मग तक्रार काय?"

"तीच."

*

पारोळ्याचे एक भाऊ गेममधल्या शेवटच्या राक्षसापर्यंत पोचले की वीज जायची. डबा बंद, की खेळ पुन्हा पहिल्यापासून. वैतागून त्यांनी मला बोलावलं आणि माझ्याकडून छोटा टीव्ही अन् डबा ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडून घेतला. बॅटरी उतरू नये म्हणून अंगणात ट्रॅक्टर चालू ठेवला. सगळी गल्ली खिडकीशी. राक्षस मरायला आला आणि ट्रॅक्टरनं दोन आचके दिले. डिझेल संपलं; बॅटरी जुनीच, पडदा लगेच काळा.

भाऊ रिमोट ठेवून एवढंच म्हणाले, "त्याचं नशीब."

*

एका रविवारी कोणीतरी दुकानात येऊन सांगितलं, "नाना, शेटजी मशीन घेऊन तुमच्याच घरी गेलेत. आबांना भजनं ऐकवणार म्हणे."

नानांचा चेहरा पाहवेना. शेटजींचं मशीन खुद्द नानांच्या बैठकीत, म्हणजे दुकानाला कुलूपच की. स्कूटरवरून आम्ही निघालो.

दारात अक्का, नानांच्या पत्नी. म्हणाल्या, "आवाज करू नका. रंगात आलेत."

आत शेटजींचं मशीन पिशवीतच होतं. टीव्हीला लावलेला होता नानांचा डबा. सतरंजीवर आबा आणि शेटजी मांडीला मांडी लावून, दोघांच्या हातात रिमोट, पडद्यावर रणगाडे.

"तुम्ही दुकानात गेलात की आम्ही रोजच लावतो," अक्का हळूच म्हणाल्या. "संध्याकाळी पुन्हा माळ्यावर ठेवायचा, असं आबांनीच सांगितलंय."

आबांनी मानही वळवली नाही. "शेट, तुम्ही किल्ला सांभाळा, मी पुढे जास."

"जा आबा, मी आहे," शेटजी म्हणाले.

नाना दारातच खाली बसले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगतो, माझेही.

दुसऱ्या दिवशी शेटजी आमच्या दुकानात आले, मागच्या दारानं. म्हणाले, "एक डबा बांधा. पिशवी तुमच्या दुकानाची नको."

मी तो वर्तमानपत्रात गुंडाळला. नानांनी विचारलं, "शेटजी, लावणार कुठे?"

"बैठकीत. गिऱ्हाईक आलं की वर टॉवेल टाकतो."