वायरमामांनी भाऊंना हाक मारली

वायरमामा आले की आधी कीबोर्डला हातच लावत नाहीत, हे माझं जुनं दुखणं. खुर्ची ओढून बसायचं, चष्मा पुसायचा आणि विचारायचं, "दोन-तीन दिवसांत इथलं काय काय हललं?" अहो, कॉम्प्युटर बघा ना! पण नाही. चार ऑफिसांची नेटवर्क सांभाळणारा हा माणूस आधी चौकशीच करणार, आणि ती अशी की आपल्यालाच चोरासारखं वाटावं.

त्या दिवशी मला अजिबात धीर नव्हता. आमच्या ऑफिसात पाण्याच्या पाइपांचे नकाशे निघतात आणि मी तिथली सगळ्यांत जुनी. आमच्या नवीचे उमेदवारीचे तीन महिने त्या दिवशी भरत होते. चार वाजता साहेब दुसऱ्या इमारतीत बसून सगळ्यांचं सामायिक फोल्डर उघडणार, तिचा नकाशा बघणार आणि तिला ठेवायचं की नाही ते ठरवणार. नकाशा तयार होता, पण तिचं मशीन नेटवर्कवर कुणालाच दिसेना, त्यातून फोल्डरमध्ये काही जाईना. पेन ड्राइव्हची भोकं आमच्याकडे सीलबंद. तीन वाजून गेले होते. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं आणि मी तिला सकाळपासून तिसऱ्यांदा झापलं होतं, "तूच काहीतरी दाबलं असशील!"

"नाही हो मॅडम," एवढंच ती म्हणायची.

मामांनी वायर बदलून पाहिली. दिवा लुकलुकला, म्हणजे वायर ठीक. मशीन बंद करून चालू केलं. पडद्यावरची एकेक खिडकी उघडून सगळं तपासलं.

"गंमत आहे," ते म्हणाले. गंमत म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"ह्याला नाव काय दिलंय?"

"भाऊ," मी म्हणाले. आमच्याकडे ज्याची खुर्ची, त्याचंच नाव त्याच्या मशीनला. ते टेबल भाऊंचं. एकोणीस वर्षं ते माझ्या शेजारी बसले, मला रेघ ओढायला त्यांनी शिकवलं आणि रोज माझ्याशी भांडले. दोन वर्षांपूर्वी ते गेले. परवा त्या टेबलावर नवीसाठी कोरं मशीन आलं, मामा नव्हते, तेव्हा नाव मीच घातलं. दुसरं नाव सुचलंच नाही.

"नाव घातलंत तेव्हा काही आलं होतं का पडद्यावर?"

"आला होता एक चौकोन. इंग्रजीत होतं काहीतरी. मी ओके दाबलं."

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग नवीच्या मशीनची वायर उपटून तिच्या हातात दिली आणि स्वतःचा लॅपटॉप उघडला. त्यावरून नाव टाकून हाक मारायची, मशीन जागं असेल तर ते ओ देतं. त्यांनी हाक मारली. तिकडून ओ आली.

"अगं बाई!" नवी हातातल्या वायरकडे बघत राहिली. "मग हे कोण बोलतंय?"

"तेच तर बघायचंय," मामा म्हणाले. त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

कोण बोलतंय ते मला ठाऊक होतं आणि तरी मी मूग गिळून गप्प बसले. सगळ्या टेबलांच्या वायरी जिथे येतात त्या भिंतीवरच्या खोक्यापाशी मामा गेले. तिथे अकरा नंबरचा दिवा लुकलुकत होता आणि ती वायर आमच्या कुठल्याच टेबलाची नव्हती. तिच्यावर बोट ठेवत ते दारावरून, कपाटामागून, वाकून, उकिडवे बसून निघाले. नवी त्यांच्यामागे टॉर्च घेऊन, आणि मी घड्याळाकडे बघत. साडेतीन. वायर अडगळीच्या खोलीत शिरली.

"थांबा मामा," मी म्हणाले. "आत भाऊंचं जुनं मशीन आहे. मीच चालू करते रोज सकाळी."

दोघं वळून बघू लागली.

"त्यांचा शेवटचा नकाशा आहे त्यात. शाळेमागच्या गल्लीचा. वळणावर रेघ थांबलीय. मी नुसती बघते आणि कामाला लागते. भंगारात देववलं नाही मला." बोलता बोलता रडूच आलं. नवीची माफीही मागितली, पण ती धड तोंडातून निघाली नाही.

"एका नावाची दोन मशीनं," मामा हळूच म्हणाले. "जे आधी जागं होतं त्याला नाव मिळतं, दुसरं दिसत नाही. एकाचं बदलावं लागेल, ताई. कुणाचं?"

"हिचं," मी म्हणाले. "खुर्ची हिची आहे."

टेबलाशी येऊन मामांनी कीबोर्डवर बोटं ठेवली. "सांगा."

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तीन महिने 'नवी, हे आण', 'नवी, ते पूस' चाललं होतं. हजेरीवर तिचं नाव मी शंभरदा पाहिलं असेल, पण ते आठवेना. शरमेनं मान वर होईना.

"तुझं नाव सांग गं," मी म्हणाले.

तिनं सांगितलं. मामांनी ते घातलं, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. लॅपटॉपवरच्या यादीत भाऊंच्या खाली तिचं नाव उमटलं. चारला आठ मिनिटं कमी असताना नकाशा फोल्डरमध्ये पडला. अकरा नंबरच्या वायरीला मामांनी हात लावला नाही. पिशवी उचलली आणि निघाले.

सव्वाचारला साहेबांचा फोन. "नकाशा नीटनेटका आहे. तुम्हीच काढलात ना?"

पोरगी श्वास रोखून माझ्याकडे बघत होती.

"नाही साहेब," मी म्हणाले, आणि तिचं नाव घेतलं.