जग संपायच्या दिवशी उद्याबाईचं दुकान

तुझ्या पणजीला गल्लीत कुणी नावानं हाक मारली नाही. सगळे तिला उद्याबाई म्हणायचे. तोंडावर नाही हं, एवढी कुणाची छाती नव्हती. ती शिंपीण होती, आणि कपडे न्यायला कुणी आलं की मान वर न करता म्हणायची, "उद्या या." आज आलेल्याला उद्या, आणि उद्या आलेल्यालाही उद्याच. लोक सांगायचे, एकानं पोराची चड्डी शिवायला टाकली आणि ती हातात पडली तेव्हा पोराला मिसरूड फुटलं होतं. ते साफ खोटं आहे. फार तर सहा महिने उशीर झाला असेल, आणि तिनं ती चड्डी दोन बोटं सैल करूनच दिली होती.

मी सून म्हणून त्या घरात आले तेव्हा माझ्या वडिलांनी फुशारकी मारून ठेवली होती, आमची मुलगी मशीनवर बसली की उठत नाही. तेवढ्यावर सासूबाईंनी मला पसंत केलं म्हणे. पण तीन महिने झाले तरी मशीनला बोट लावू देईना. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. रस्त्याकडे उघडणारं दार, दारात आडवी फळी, भिंतीवर खिळे आणि खिळ्यांना गठ्ठे. खिडकीखाली मशीन, तिचं चाक हात लागून लागून आरशासारखं झालेलं. आणि मी खाली, चिंध्यांच्या ढिगात. धागे तोडायचे, बटणं निवडायची, इस्त्री फिरवायची.

"मशीन म्हणजे काय नवरा आहे, लग्न लागलं की आपला?" ती म्हणायची. "हात बघते आधी तुझा. जमलं तर जमलं, नाहीतर स्वयंपाकघर आहेच."

ते 'नाहीतर' मला फार लागायचं. कारण स्वयंपाक माझा कसा होता ते तुझ्या आजोबांना विचार, बिचारे अजून खोटं बोलतील. मला येत होतं ते एकच काम, शिवण. माझ्या आईनं मला लग्नात एक कापड दिलं होतं, पोपटी, त्यावर बारीक पांढरे ठिपके. म्हणाली, सासरच्या मशीनवर पहिलं काहीतरी शिवशील ते हे. ते ट्रंकेत घडी करून ठेवलं होतं, आणि रोज एकदा उघडून बघायची, मोडली नाही ना घडी म्हणून.

आता सासूबाईंची रीत सांगते, वहीत उतरवतेयस तर ती नीट लिही, कारण सगळं त्यावरच आहे. दुकान बंद करताना ती एक काम मुद्दाम अर्धं ठेवायची. बाहीचा शेवटचा टाका म्हण, कॉलरचं टोक म्हण, तिथं थांबायचं आणि सुई तशीच कापडात टोचून वर फडकं टाकायचं. तिला शिकवलं त्या म्हाताऱ्या मास्तरांनी सांगितलं होतं, सकाळी दुकान उघडल्यावर हात रिकामा नसावा. त्यांचं म्हणणं तेवढंच. पण हिनं ते पार आभाळापर्यंत नेलं. म्हणायची, "एखाद्याचं काम आपल्याकडे अडकलंय, त्याला आपण उद्या सांगितलंय, मग उद्या यायलाच पाहिजे ना? न येऊन सांगतो कुणाला!"

मी हसायची. तोंड फिरवून.

समोर घड्याळजींचं दुकान होतं. घड्याळं दुरुस्त करायचे, डोळ्याला भिंग लावून. माणूस भला, पण वाचनाचं वेड. या धर्माची पोथी, त्या धर्माचा ग्रंथ, जे मिळेल ते वाचायचे, आणि त्यातली वर्षं कागदावर मांडून बेरजा करत बसायचे. एक दिवस फळीवर येऊन म्हणाले, "बाई, तीन धर्मांच्या पोथ्यांतून एकच तारीख येतेय. येत्या शुक्रवारी, दुपारी बरोबर बाराला."

"काय बाराला?"

"जग संपतंय."

सासूबाईंनी तोंडातला दोरा तोडला. "बरोबर बाराला? तुमच्या कुठल्या घड्याळाप्रमाणे?"

पण गल्लीत बातमी फुटली आणि मग काय विचारतेस! जो तो आपल्या घरात लहानपणी ऐकलेलं काढायला लागला. पाववाला म्हणाला, आमच्यात आगीनं संपतं, आकाशातून विस्तव पडतो. नळवाला म्हणाला, छे, पाणी. सगळीकडे पाणी आणि त्यात एकच होडी. पोस्टमन म्हणाला, आमच्या आजीनं सांगितलंय, पांढऱ्या घोड्यावर एकजण तलवार घेऊन येतो. बँडमधला तुतारीवाला छाती काढून म्हणाला, सुरुवात तुतारीनंच होते, वरून वाजवतात, सगळे मेलेले उठून बसतात. शाळेतल्या बाई तेवढ्या म्हणाल्या, सूर्य थंड होईल पण त्याला कोट्यवधी वर्षं आहेत, तोवर मुलांनी गृहपाठ करावा.

"बघ," सासूबाई मला म्हणाली, "पाववाल्याचं जग भट्टीतल्या विस्तवात, नळवाल्याचं पाण्यात. ज्याचा जो धंदा त्याचं तसं मरण."

"मग आपलं कसं?" मी विचारलं.

तिनं एक जुना सदरा उचलला, धाग्याचं टोक धरून ओढलं, आणि अख्खी बाही भर्रकन सुटून हातात आली. "हे असं," म्हणाली. "कुणीतरी टोक ओढायचं, की झालं. म्हणून सुई टोचून ठेवायची."

या वेळी मी हसले नाही.

मग गंमत अशी झाली की ज्याचे ज्याचे कपडे अडकले होते ते सगळे आले. जग संपायचं तर फाटक्या कपड्यात कोण उभं राहणार? "बाई, वर जाऊन काय तोंड दाखवू, माझी पँट तुमच्याकडे!" असं. पहिल्यांदाच कुणाला 'उद्या या' सांगता येईना, कारण ते म्हणायचे, उद्या कुठला? चार दिवस तिनं मान वर केली नाही. मशीन नुसती धडधडत होती. खिळे एकेक करून रिकामे झाले, आणि मागची भिंत निळी आहे हे मला तेव्हा कळलं.

गुरुवारी दुपारी एकच काम उरलं, पोस्टमनची पँट. एका पायाची तुरपाई झाली होती, दुसऱ्याची अर्धी. तिथं तिनं सुई टोचली, फडकं टाकलं आणि चार घरं पलीकडे एका म्हातारीचा झगा पोचवायला गेली.

आणि मी, शहाणी! मला वाटलं, दमलीय, राहिलंय तिच्याकडून. एवढं आपण केलं तर हात दिसेल आपला. बसले खिडकीशी आणि अशी तुरपाई घातली की टाका शोधून सापडू नये. पोस्टमन आलाच तेवढ्यात. म्हटलं, घ्या. तो इतका खूश झाला की दुकानातच पँट उलटी-सुलटी करून तिचे मुके घ्यायला लागला. फडकं मी जागेवर नीट पसरून ठेवलं, खाली शिल्लक कापडाचा गोळा. सासूबाई आली, फडक्याकडे बघितलं, कडी लावली. मी मनात म्हटलं, उद्या सकाळी सांगू, खूश होईल.

शुक्रवारी सकाळी आठला तिनं फडकं उचललं.

"पँट कुठाय?"

"मी पूर्ण केली आई. दिली पण."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. खाली माझ्या चिंध्यांच्या ढिगात बसली, आणि रिकाम्या खिळ्यांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "एकही नाही?"

"नाही."

"चौतीस वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं गं."

जगाचं काय व्हायचं ते होवो, माझी मशीन गेली एवढं मला कळलं. आणि खरं सांगू? आतून थोडी जगाचीही भीती वाटायला लागली होती.

मग ती उठली, पायात चपला सरकवल्या. "चल. काम आणू या." आम्ही दोघी गल्लीत निघालो. जन्मात कधी तिनं काम मागितलं नव्हतं. लोक दारात उभे, सगळे नव्या कपड्यांत, तिनंच शिवलेल्या. लग्नाला निघाल्यासारखी गल्ली दिसत होती.

"काही शिवायचंय का?" तिनं पाववाल्याला विचारलं.

"आज?" तो म्हणाला. "चार तासांसाठी?"

नळवाला म्हणाला, "शिवायचं असतं तर आधी नसतं टाकलं? आणि बाई, तुम्ही विचारताय म्हणजे खरंच संपतंय की काय?" त्याची बायको तेवढ्यानं रडायला लागली. म्हणजे आम्ही जिथं जावं तिथं घबराट वाढायची. पोस्टमनकडे मी म्हटलं, पँट परत द्या, थोडी उसवते. तर तो पँटीचा पट्टा घट्ट धरून घरात पळाला.

अकरा वाजता आम्ही परत आलो. ती मशीनपाशी बसली, हात मांडीवर. "घरातलंच काही उसवू का?" मी विचारलं.

"घरचं धरत नाहीत. गिऱ्हाईक लागतं, माप लागतं, आणि त्याला उद्या सांगायला लागतं."

मी आत गेले. ट्रंक उघडली. पोपटी कापड काढलं, छातीशी धरून क्षणभर उभी राहिले. मग मागच्या दारानं बाहेर पडले, वळसा घालून रस्त्यावरून पुढे आले आणि फळीवर थाप मारली.

"अहो शिंपीणबाई!"

तिनं मान वर केली. डोळे एवढे मोठे.

"ब्लाउज शिवायचाय. आणि लवकर पाहिजे हं, तुमच्याबद्दल काय काय ऐकलंय मी."

"काय ऐकलंयस?" ती म्हणाली. आवाज अजून रडवेला होता, पण त्यात धार यायला लागली होती.

"लोक उद्याबाई म्हणतात तुम्हाला."

माझी जीभच चावली मी. पण ती उठली, टेप गळ्यात टाकली. "लोकांना म्हणावं, घरी शिवा. ये आत. सरळ उभी राहा, पोक काढू नकोस."

तीन महिन्यांत तिनं मला पहिल्यांदा हात लावला. छाती, कंबर, दंड. टेप दंडाशी थांबली. "दीड बोट कमी झालंय गं लग्नाच्या मापापेक्षा. जेवत नाहीस का?"

"मीच केलेलं असतं," मी म्हटलं.

ती हसली बघ. इतकी हसली की टेप सुटली हातातून. मग फळीवर कापड पसरलं आणि एकदम थांबली. ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "हे तर तुझ्या आईनं दिलेलं. तू स्वतः शिवणार होतीस ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"रोज ट्रंकेचं झाकण करकरतं ते मला ऐकू येत नाही असं वाटलं?"

तिनं खडूनं आखलं, कात्री चालवली, आणि एक बाही जोडायला घेतली. बाहेर सगळे घड्याळजींच्या दुकानासमोर जमले होते. आता त्यांची घड्याळं कधी एकदम वाजायची नाहीत. त्यामुळे बारा वाजायलाच पाच मिनिटं लागली. एकाचे ठोके संपले की लोक सुस्कारा टाकायचे, तोवर दुसरं सुरू, पुन्हा सगळे डोळे मिटायचे. तुतारीवाला आभाळाकडे कान लावून उभा, वरच्यांना सूर कोणता लागतो ते ऐकायला.

शेवटचा ठोका पडायच्या आधी सासूबाईंनी सुई कापडात टोचली, वर फडकं टाकलं, आणि मला म्हणाली, "आज नाही जमणार. उद्या या."

ठोका पडला. पाववाल्याच्या भट्टीतून जळका वास आला, तेवढाच. "माझे पाव!" म्हणून तो नवा सदरा सावरत धावला.

थोड्या वेळानं घड्याळजी आमच्या फळीशी आले, मान खाली. "बाई, बेरजेत कुठंतरी गडबड झाली. आणि हे, घाईत कोट काढताना काखेत फाटला. कधी मिळेल?"

"उद्या या," ती म्हणाली, आणि तो शब्द ऐकून त्यांना इतकं बरं वाटलं की दोनदा आभार मानून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कोट माझ्या हातात दिला आणि मशीनसमोरची उशी झटकली. "बस. टीप सरळ आली पाहिजे."

"म्हणजे माझा हात..."

"पँटीची तुरपाई मी काल पोस्टमनच्या पायावरच बघितली. त्याला रस्त्यात उभं करून. टाका सापडला नाही मेला." एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून याहून जास्त कौतुक आयुष्यात कधी ऐकलं नाही मी.

कोट झाल्यावर मी पोपटी ब्लाउजला हात घातला, तर फाडकन हातावर मारलं तिनं. "ते राहू दे. ते कायमचं." तेव्हापासून रोजचं अर्धं काम वेगळं आणि हे वेगळं. चुकून सगळं संपलंच कधी, तर हे असावं म्हणून. ती गेली त्याला आता किती वर्षं झाली, दुकान मी चालवलं, मग डोळ्यांनी साथ सोडली, आता तुझी आई चालवते.

ट्रंकेत आहे तो ब्लाउज. एका बाहीचा. बघायचा तर बघ जा, पण हात सांभाळून, आणि सुई काढू नकोस. उद्या तुझी परीक्षा आहे ना.