शिडाला पेजेची खळ

होडीच्या शिडाला भाताच्या पेजेची खळ देऊ नये, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (सांगावं लागेल, असं कोणाला वाटलंही नसावं!)

साठ सालच्या आसपासची गोष्ट. शहापूरजवळच्या तळ्यावर मुंबईच्या साहेब लोकांचा शिडाच्या होड्यांचा क्लब होता. साहेब रविवारी मोटारीने येत. तोवर होड्या पुसून, दोर तपासून, शिडं तयार ठेवायची, हे काम माझं. पण नोकरी कच्ची! "रविवारच्या शर्यतीत तुझं काम बघतो, मग कायम करायचं की नाही ते ठरवू," असं मोठ्या साहेबांनी बजावलेलं. मुरबाडच्या सासऱ्यांनी तर त्याहून स्पष्ट: जावई कायम झाले नाहीत, तर पोरगी माहेरी!

शनिवारी मोठ्या साहेबांचं शीड घरी आणून हिच्या हवाली केलं. "नीट धू गो, उद्या माझी परीक्षा हाय."

आमच्याकडे धुणं म्हणजे खळ आलीच. माझं धोतर उतरवून ठेवलं तरी आपल्या पायावर उभं राही! संध्याकाळी बघतो, तर करवंदीच्या जाळीवर शीड वाळतंय. पत्र्यासारखं!

"अगो, हे काय केलंस?"

"पेज लावली. साहेब येनार, न् चुरगाळलेलं कापड टांगाल? लोकं मलाच नावं ठेवतील!"

"ते धोतर नाय, शीड हाय!"

"म्हनून तर दोन पातेली लावली!"

वाद रंगात आला, तेवढ्यात शेजाऱ्यांची म्हैस आली आणि तिने शिडाचा कोपरा चावून खाल्ला. चांगला भाकरीएवढा! ओढाओढीत मी शेणात, ती रवंथ करत उभी.

रविवारी शिडाची घडी होईना, म्हणून डोक्यावर आडवं धरून नेलं. साहेबांनी बोटाने टकटक केली. वाजलं!

"आणि कोपरा कुठे गेला?"

"ज्यादा वारा जायला, साहेब!" मी बोलून गेलो. डोळ्यांसमोर मुरबाडची एसटी आणि खिडकीत ही!

पण त्या दिवशी वारा असा पडलेला, की बाकीची शिडं ओल्या पंच्यासारखी लोंबत होती. आमचं तेवढं ताठ! इवल्याशा झुळकीवर सरकत सरकत साहेबांची होडी पहिली आली. उतरून त्यांनी शिडाला नाक लावलं.

"हे लावलंय काय रे?"

"पेज, साहेब. बायकोने."

साहेब हसत हसत काठावर बसलेच. "जा, झालास कायम! पण खळ बायकोनेच लावायची."

मी सोडलेला निःश्वास शिडांत भरला असता, तर सगळ्या होड्या पैलतीराला लागल्या असत्या!

तेव्हापासून घरात पेज झाली, की आधी साहेबांच्या शिडाला, मग म्हशीला (तिने लांब राहावं म्हणून!), आणि उरलीच तर मला.