ढिला सोडलेला दोर

आमच्या गावात दिवाळी झाली की गावविहिरीचं पाणी मोजतात. राळेगाव तालुक्यातलं लहानसं गाव, नाल्याकाठच्या सगळ्या विहिरींचे झरे एकमेकांत गुंतलेले. एक जास्त उपसली की दुसरी आटते. म्हणून श्रमदानातून नाल्यावर बांध घातले त्याच वर्षी गावानं नियम केला. दोराला दगड बांधून विहिरीत सोडायचा आणि ओला झालेला दोर हातानं मोजायचा. सात हात भरला तर गव्हाला परवानगी, कमी भरला तर सगळ्यांनी हरभराच पेरायचा. दोर धरायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी म्हणे सरळ माणूस. मलाही ते ऐकायला आवडायचं.

दगड तळाला टेकला की दोर ताणून धरावा लागतो. भोवती सगळं गाव उभं असलं, तरी दगड टेकला हे फक्त धरणाऱ्याच्या हाताला कळतं.

गेल्या वर्षी मला लगेच कळलं की पाणी सहा हातांच्या वर नाही. पण गव्हाचं बियाणं मी आधीच आणून ठेवलं होतं आणि हरभऱ्याचा मला कंटाळा आला होता. याहून मोठं कारण असतं, तर सांगताना जरा बरं वाटलं असतं. मी दोर दीड हात ढिला सोडला. वर काढला तर ओला भाग साडेसात हात भरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सगळ्यांत जोरात वाजवल्या त्या मावशीनं. सगळं गाव तिला मावशीच म्हणतं. मजुरी करणारी बाई, पण बांधावर एक दिवस चुकली नव्हती. मी तिला एकदा विचारलंही होतं, "मावशी, तुले तं वावर नाही, मंग कायले एवढी राबतं?"

"वावर नसलं तं का झालं भाऊ, घागर तं हाये!"

होळीच्या सुमारास गावविहिरीचा तळ दिसू लागला. बाया शेजारच्या शिवारातून पाणी आणू लागल्या. मजुरीला उशीर नको म्हणून मावशी सगळ्यांच्या आधी निघायची. माझा गहू मात्र झकास झाला. मी तिच्याकडे पायलीभर पाठवला, मन हलकं होईल म्हणून. ती मुद्दाम घरी येऊन "लय उपकार झाले भाऊ" म्हणून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उन्हाळ्यात बैठक बसली. एवढं मोजलेलं पाणी गेलं कुठं, कोणालाच कळेना. मी खाली मान घालून बसलो होतो. मावशी उठली.

"भाऊनं तं बराबर मोजलं होतं. आपणच खोदाले कमी पडलो."

दुसऱ्या दिवशी ती कुदळ घेऊन नाल्यात हजर. मी उन्हाळाभर तिच्या शेजारी घमेली उचलली.

यंदा दोर आणला तेव्हा मी तो तिच्यापुढं केला. "मावशी, यंदा तू धर."

ती हसून मागं सरली. "माह्याच्यानं नाही होत भाऊ. तुमचाच हात बसला हाये."

दगड टेकला. बोटं पांढरी पडेपर्यंत मी दोर ताणून धरला. साडेसहा हात भरले. म्हणजे गहू नाही. मागून कोणीतरी कुरकुरलं, पुन्हा एकदा मोजा म्हणालं. मावशी त्याच्यावर कडाडली, "भाऊच्या हातावर कायले शंका घेतं रे?"

मी ओला दोर गुंडाळत राहिलो. तिला अजून सांगितलेलं नाही.